नळीतली कुंभारीण

ठकुबाईची तिसरी भाकरी तव्यावर फुगायच्या बेतात होती, तेवढ्यात दार वाजलं. कोन गावात सकाळच्या पारी कुणी दार वाजवत नाही. दार उघडंच असतं, येणारा अंगणातूनच हाळी देतो, "हाय का कोन घरान?" आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन बसतो. उघड्या दारावर बोटाने टकटक करणारा माणूस म्हणजे एकतर शहरातला, नाहीतर सरकारातला. गेलं वर्षभर ठकुबाईला दोघांचीही धास्ती होती.

भाकरी उलटायची सोडून तिने आधी न्हाणीकडे पाहिलं. सून गोदू पायांवर बाळ घेऊन त्याला न्हाऊ घालत होती आणि आठ महिन्यांचं पोर घर डोक्यावर घेत होतं. मग तिने ओटीकडे पाहिलं. तिचा नवरा, नवशा, रोजच्यासारखा भिंतीला पाठ लावून बसला होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. दार त्याच्यापासून चार हातांवर, पण तो उठला नाही.

"अवो, दार वाजतंय."

"वाजू दे."

शेवटी तीच पदराला हात पुसत गेली. दारात साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी, विजारीला गुडघ्यापर्यंत धूळ. एस.टी.तून उतरून फाट्यापासून चालत आले असणार.

"नवशा तरे इथेच राहतात ना? मी टिपणीस. ठाण्याहून आलो. श्रीरंगचा वडील."

आतून करपल्याचा वास आला तरी ठकुबाई चुलीकडे गेली नाही. ती तशीच वळून न्हाणीच्या दाराशी गेली.

"गोदे, पोराला फडक्यात गुंडाळ आन् राहीबायकडं जा. धुरी तितंच दे."

"अवो आत्याबाय, अंग तरी पुसू द्या त्याचं."

"राहीबायचं घर काय मुंबैला हाय? पाव्हनं आल्यात. जा म्हंते ना."

गोदू कुरकुरत मागच्या दाराने गेली. ती शेजारच्या अंगणात पोचेपर्यंत ठकुबाई दारातच उभी राहिली. मग करपलेली भाकरी उतरवली, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओटीवर आली.

दोन वर्षांपूर्वी याच नवशाचं गावात मोठं कौतुक होतं. कल्याणपलीकडच्या माळावर लढाईच्या वेळची एक जुनी धावपट्टी होती, गवत माजलेली. कुठल्याशा कंपनीने ती दोन हंगामांसाठी घेतली आणि भातावर पडणाऱ्या लष्करी अळीवर औषध मारायला एक लहानसं पिवळं विमान आणून उभं केलं. राखायला, पुसायला, ढकलायला माणूस हवा होता. नवशा जमिनीच्या तुकड्यावर भात लावणारा माणूस. त्याला खाकी सदरा मिळाला, किल्ल्यांचा जुडगा मिळाला. ठकुबाई तो सदरा दर रविवारी निळीत घालायची, खाकीला निळीची गरज नसली तरी.

चहाच्या टपरीवर लडकू म्हणायचा, "नवशा इमान धुतो म्हंजे काय रं? म्हैसच ती. फरक येवढाच, दूध देत न्हाय."

"शेन बी टाकत न्हाय, ह्ये बग की," नवशा म्हणायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.

त्या विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी होती, वाऱ्याकडे तोंड केलेली. पहिल्याच दिवशी कंपनीच्या भाऊ मिस्त्रीने नवशाला बजावलं होतं: ह्या नळीला हात लावायचा नाही. संध्याकाळी तिला लाल कापडाची टोपी घालायची, सकाळी उडायच्या आधी ती काढायची. बस्स. कशासाठी, ते मिस्त्रीने सांगितलं नाही आणि नवशानेही विचारलं नाही. गाभाऱ्यातल्या देवाला शिवू नको म्हटल्यावर कुणी का म्हणून विचारतं का? श्रीरंग टिपणीस हा विमान उडवणारा, सव्वीस वर्षांचा. तो नवशाला काका म्हणायचा. विमानात चढताना रोज एकच विचारायचा.

"काका, टोपी?"

"काढली, साहेब."

तेवढं झालं की घरघर सुरू व्हायची.

त्र्याहत्तरचा आश्विन. औषधाची पिंपं आली नाहीत म्हणून विमान नऊ दिवस जागेवर उभं होतं. रिकामा वेळ होता म्हणून नवशाने ती तेलकट झालेली लाल टोपी धुतली आणि तारेवर वाळत घातली. दुपारी येऊन बघतो तर नळीच्या तोंडाशी कुंभारीण. तीच ती बारीक कंबरेची माशी, मातीच्या गोळ्या तोंडात आणणारी. नळीत शिरायची, आत भुणभुणायची, बाहेर यायची, पुन्हा माती. मधेच एक हिरवी अळीही ओढत आणली. नवशाला मौज वाटली. रात्री जेवताना त्याने घरात सांगितलं, "आळ्या मारायला कंपनीनं इमान आनलं, आन् ती बया तेच्यातच आळ्या साठवतीय."

ठकुबाईचा हात ताटातच थांबला. तिने आधी गोदूकडे पाहिलं.

गोदूला तेव्हा तिसरा महिना होता. त्याआधी दोनदा तिसऱ्यातच पोट रितं झालेलं. कुंभारीण माती आणू लागली की घरात पाळणा हलणार, हे ठकुबाईला तिच्या आईने सांगितलेलं, आईला आजीने. घर लांबट असलं तर मुलगा, वाटोळं असलं तर मुलगी. ते मोडायचं मात्र नाही. मागच्या खेपेला तिच्या राघोने, म्हणजे गोदूच्या नवऱ्याने, कौलाखालचं एक घर बांबूने पाडलं होतं, नुसतं घाण दिसतं म्हणून. आठव्या दिवशी गोदूला दवाखान्यात न्यावं लागलं. राघो भिवंडीतली यंत्रमागावरची, लूमवरची ड्युटी टाकून धावत आला होता. त्या दिवसापासून ठकुबाई कौलाखाली कुणाला बांबू लावू देत नसे.

गोदू ताट घेऊन आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "मोडलं तर न्हाय ना?"

"आजून न्हाय. टोपी घालायचीय, तवा..."

"खबरदार! घरात पोटुशी बाय असताना कुंभारनीचं घर मोडत्यात व्हय?"

"अगं, आपल्या घरान कुटं हाय ते? कंपनीचं इमान ते."

"तुमच्या डोल्यांनी बगितलं ना? मंग ते तुमचंच झालं."

नवशा हसला, पण त्याने ऐकलं. चार दिवस त्याने टोपी घातलीच नाही. येता-जाता कुंभारीण चिरडायला नको, कोंडायला नको. पाचव्या दिवशी तिने आपल्या हाताने नळीचं तोंड लिंपून घेतलं, अगदी सारवल्यासारखं गुळगुळीत, आणि ती निघून गेली. मग नवशाने वरून टोपी घातली. नळीला हात लावायचा नाही, हा मिस्त्रीचा हुकूम. घर मोडायचं नाही, हा बायकोचा. दोन्ही हुकूम एकाच बाजूला ओढणारे, तेव्हा त्याला काही जड गेलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी औषध आलं. पिवळ्या पडलेल्या भातावर धुकं बसलं होतं.

"काका, टोपी?"

"काढली, साहेब."

टोपी त्याच्या हातात होती. त्याने ती वर करून दाखवलीसुद्धा.

विमान धुक्यात शिरलं. नवशा आवाजावरून अंदाज घेत राहिला. आवाज सरळ गेला, मग चढत गेला, चढत गेला, आणि एकाएकी कुणी गळा धरावा तसा अडकला. त्यानंतर खाचरातून काळा धूर वर आला. नवशा चिखलातून धावला तेव्हा जवळ जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच दुपारी चौकशीला आलेल्या साहेबांनीही तेच विचारलं, नळीवरचं कव्हर काढलं होतं का? लाल टोपी अजून त्याच्या मुठीत होती. साहेबांनी ती पाहिली आणि लिहून घेतलं, काढलं होतं.

पाच-सहा दिवसांनी, सामान आवरताना, नवशाने भाऊ मिस्त्रीला सहज विचारलं, "ती नली कशाला असती वो?"

मिस्त्री तारा गुंडाळत होता. "वेग कळायला. समोरून वारा नळीत भरतो. जेवढा वेग, तेवढा वारा दाबतो, तेवढा आतला काटा पुढे सरकतो. आणि विमानाच्या अंगाला दुसरं भोक असतं, ते बाहेरच्या साध्या हवेचा दाब घेतं. दोन्हींतला फरक म्हणजे वेग."

"आन् नलीचं तोंड बुजलं तर?"

"म्हणजे टोपी राहिली तर? तू काढलीस म्हणून बरं. तोंड बुजलं, पाणी निथळायचं खालचं भोकही बुजलं, तर जमिनीवरची हवा आत कोंडून राहते. विमान वर जाईल तशी बाहेरची हवा पातळ होते, आतली आहे तेवढीच घट्ट. फरक वाढतो, काटा चढतो. पायलटला वाटतं, फार जोरात चाललोय. तो नाक वर करतो, वेग उतरावा म्हणून. वेग तर आधीच उतरलेला. अजून वर गेला की काटा अजून पुढे. काटा म्हणतो जोरात, आणि विमान थांबत आलेलं."

"समोर दिसत आसल की त्याला."

"उघडीप असली तर माणूस बाहेर बघून सांभाळतो. पळताना नजर पट्टीवर असते, काट्याकडे कोण बघतं? आणि धुक्यात एकदा शिरलास की काट्याशिवाय दुसरं आहे काय तुझ्याकडे?"

नवशा त्या दिवशी कल्याणपासून कोनपर्यंत चालत आला. पूल ओलांडताना दोनदा बसला. घरी येऊन त्याने ठकुबाईला पडवीत नेलं आणि सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाली, "गप ऱ्हावा. आता बोलून मानूस परत येनार हाय का? घरान पोर येतंय."

तो गप्प राहिला. तिने त्याला गप्प ठेवलं. चैत्रात गोदूला मुलगा झाला, नीट, हातीपायी धड. सगळ्या आळीने पेढे खाल्ले. नवशाने मात्र त्याला उचललं नाही. आधी म्हणाला हात दुखतो, मग म्हणाला सर्दी झालीय, मग कुणी विचारेनासं झालं. कंपनी विमानाचा सांगाडा घेऊन निघून गेली होती. राघोने बापाला भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लावून दिलं, पण लूमची खडखड एक क्षण जरी थांबली तरी नवशा उठून बाहेर पळायचा. मालकाने महिन्याभरात हात जोडले. "चाचा, घर पे आराम करो." तेव्हापासून तो भिंतीला टेकला होता.

ओटीवर टिपणीस पाणी प्यायले, त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पिशवीतून दोन पत्रं काढली. ती उलगडली नाहीत.

"मी पोस्टात होतो, आता निवृत्त आहे. तुम्हाला त्रास द्यायला नाही आलो. चौकशीच्या कागदात लिहिलंय, चालकाने वेगाकडे दुर्लक्ष केलं. म्हणजे निष्काळजीपणा. मी दोनदा लिहिलं, पुन्हा बघा म्हणून. दोनदा उत्तर आलं, प्रकरण बंद झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं तर उतू जाईपर्यंत तिथून हलायचा नाही असा मुलगा. त्याची आई अजून म्हणते, तो असं करणार नाही. मी तिला काय सांगू? त्याला शेवटचं पाहिलं ते तुम्ही. म्हणून विचारायला आलो. त्या दिवशी तो घाईत होता का? चिडलेला होता? झोप झाली नव्हती?"

ठकुबाईला जरा हायसं वाटलं. एवढंच तर विचारत होते. 'न्हाय साहेब, चांगला हसत व्हता' म्हटलं की झालं. ते खरंही होतं. तिने नवऱ्याकडे डोळ्यांनी खूण केली आणि घाईने म्हणाली, "दादा, च्या टाकते. साखर चालती ना तुमाला?"

"नको बाई."

"न्हाय कसं? उनातानाचं येवढं लांबून आलात..."

"ठके," नवशा म्हणाला. वर्षभरात त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. "बस खाली."

ती बसली.

"साहेब हसत व्हते," नवशा म्हणाला. "घाई नव्हती. झोप बी झाली आसल. मला विचारलं, काका, टोपी? मी बोललो, काढली. टोपी काढली व्हती, दादा. पन नलीचं तोंड बंद व्हतं."

मग तो सांगत गेला. कुंभारीण, माती, चार दिवस न घातलेली टोपी, सारवल्यासारखं गुळगुळीत झालेलं तोंड. भाऊ मिस्त्रीने काट्याचं जे सांगितलं होतं ते तर त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शाळेत न गेलेला माणूस, पण रोज मनात घोकल्यासारखं त्याला ते पाठ होतं.

"पण तिला हाकललं का नाही तुम्ही?" टिपणिसांचा आवाज एकदम चढला. "एक काडी! एक काडी फिरवली असती नुसती..."

"सून पोटुशी व्हती. तवा घर मोडत न्हाईत आमच्यात. माज्या मनान आलं, मी ठेवलं."

ठकुबाईने मान वर केली. नवशा तिच्याकडे बघत नव्हता.

टिपणीस उठून दारापर्यंत गेले. तिथेच पाठ करून उभे राहिले. शेजारच्या अंगणातून ओव्याच्या धुरीचा वास येत होता आणि त्यात पोराचं खिदळणं. टिपणिसांनी ते ऐकलं.

"तोच का?" त्यांनी न वळता विचारलं.

"व्हय," नवशा म्हणाला.

ठकुबाईला वाटलं, आता हा माणूस शिव्या देईल, नाहीतर पोलीस घेऊन येईल. काहीतरी बोलावं, पायांवर डोकं ठेवावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण टिपणीस परत येऊन आपल्या जागी बसले. पिशवीतून पेन काढलं, एका पत्राची मागची कोरी बाजू गुडघ्यावर धरली.

"लिहून घेतलं तर चालेल?"

"लिवा. त्यासाटीच बोललो."

"आधीच सांगतो, याचा उपयोग होईल असं नाही. विमान जळलं. नळी वितळली असेल. साक्षीला माती कुठून आणू मी? ते म्हणतील, वर्षभराने राखणदाराला आठवलं, बापाने आठवून दिलं. तिसरं उत्तर येईल, प्रकरण बंद." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "त्याच्या आईला मात्र वाचून दाखवता येईल. पण तिला तरी काय वाचून दाखवू? एका माशीने..."

त्यांनी कागद गुडघ्यावर सरळ केला.

"आणि कागद गेला, तर इथे चौकशीला माणूस येईलही. तुमच्या घरात कळेल. सुनेला कळेल. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय," नवशा म्हणाला.

टिपणीस लिहू लागले. पोस्टातलं अक्षर, वळणदार, एकाखाली एक ओळी सरळ. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. 'मी, नवशा लखमा तरे, मुक्काम कोन, तालुका भिवंडी, लिहून देतो की...' टोपी कोणत्या तारखेपासून घातली नाही, तोंड कधी बंद झालं, कुणी पाहिलं, कुणी नाही. 'सदर गोष्ट मी माझ्या मनाने केली. मला कोणी सांगितले नव्हते.'

ठकुबाई चुलीकडे बघत बसली होती. तिला माहीत होतं, तो कशासाठी असं सांगतोय. गोदूच्या कानावर गेलंच, तर सासऱ्याच्या नावाने जावं. आजीने हे पोर राखलं, असं उद्या कुणी पोराला सांगू नये. वर्षभर ती त्याला गप्प ठेवत आली ती घरासाठी, आणि आज तो बोलला तेही तिला बाजूला ठेवून. असं बाजूला पडून आपण जगू, म्हातारी होऊ, पोराला खेळवू, आणि हा भिंतीला टेकून बसून राहील. कागदाने त्याचं काही सुटणार नव्हतं, हे तिला दिसत होतं. ठाण्याच्या त्या आईचंही नाही.

नवशाने सही केली. चार अक्षरं, त्याला राघोने शिकवलेली. टिपणीस शाई वाळायची वाट बघू लागले. मग त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"थांबा, दादा," ठकुबाई म्हणाली.

तिने जवळ सरकून चुलीच्या काजळीने माखलेला अंगठा सहीसाठी पुढे केला, टिपणिसांच्या शर्टाच्या इस्त्रीला लागणार नाही असा, जरा लांबच धरून.

"ते खोडा. कोनी सांगितलं नव्हतं, ते. मोडू नका म्हनून मी सांगितलं. खाली माजं बी नाव लिवा."